गाडीत वाकायचं कुणी?

"पूर्वीच्या गाड्यांचं लोखंड म्हणजे लोखंड होतं. आताच्या गाड्या म्हणजे पत्र्याचे डबे." हे वाक्य तुम्ही टपरीवर, लग्नाच्या मांडवात किंवा नवी गाडी घेण्याआधीच्या घरगुती बैठकीत ऐकलं असणारच. बोलणारे काका बहुधा बॉनेटवर बोटाने टकटक करून पुरावाही देतात. ऑफ-रोड गाड्यांच्या बाबतीत तर ही जवळजवळ श्रद्धाच आहे. जुनी विलीज, जुनी महिंद्रा, जुनी जिप्सी, जुनी डिफेंडर म्हणजे पोलाद. नवं ते सगळं शोरूममधलं खेळणं.

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि आता पगारासाठी कोड लिहितो. महाराष्ट्रात ही काही बातमी नाही. पण त्या चार वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: मजबूत असणं आणि ताठ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडू ताठ असतो, पण दोन बोटांत मोडतो. वेताची छडी वाकते, पण तुटत नाही. गाडीच्या चासीबद्दलची आपली बहुतेक भांडणं या दोन शब्दांची गल्लत केल्यामुळे होतात. आणि ही गल्लत फक्त टपरीपुरती राहत नाही, ती गाडी घेताना आपल्या कुटुंबाच्या जिवापर्यंत येते. म्हणून हा इतिहास नीट बघायला हवा.

घाईत बांधलेली शिडी

जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने पाव टन माल वाहणारी, चारही चाकांना ताकद असलेली छोटी गाडी मागवली. नमुना तयार करायला मुदत होती ४९ दिवस. वजनाची मर्यादा होती १३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरच्या आराखड्यावरून नमुना बनवला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी तो लष्कराच्या ताब्यात दिला. वजनाची अट अर्थातच कुणालाच पाळता आली नाही. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, त्या प्रत्येकी हजार किलोच्या आसपास भरत.

या जीपच्या खाली होती शिडी. दोन बाजूंना दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे क्रॉस मेंबर. तुळया कशा? पत्रा दाबून इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळवलेल्या, एका बाजूने उघड्या. जोड बहुतांशी रिव्हेटचे. (विलीजचा पुढचा क्रॉस मेंबर गोल नळीचा आणि फोर्डचा उलट्या 'यू'सारखा. आजही शौकीन लोक एवढ्यावरून कुठली चासी कुणाची ते ओळखतात.)

आता घरी एक प्रयोग करा. टिश्यू पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. सहज पिळली जात नाही. मग कात्रीने ती लांबीत एकदाच चिरा आणि पुन्हा पिळा. आता ती ओल्या फडक्यासारखी पिळली जाईल. पुठ्ठा तेवढाच आहे, वजन तेवढंच आहे, फक्त एक चीर पडली.

हे गणित रुडॉल्फ ब्रेट या जर्मन इंजिनिअरने १८९६ साली मांडलं. मी १०० बाय ५० मिलिमीटरच्या, ३ मिलिमीटर जाड पत्र्याच्या चौकोनी नळीसाठी हिशोब करून बघितला. बंद नळी तिच्याच चिरलेल्या रूपापेक्षा पिळाला साधारण ३३० पट ताठ निघते. म्हणजे उघड्या 'सी'ची जुनी चासी वजन उचलायला खंबीर होती, पण पिळायला मऊ होती. काका ज्या 'पोलादा'ची शपथ घेतात, ते दगडधोंड्यांत मस्त पिळलं जात होतं.

तो पीळ कामाचा होता

जुन्या जीपला चारही चाकांवर कमानपाटे होते. माल वाहायचा म्हणून हे पाटे कडक ठेवलेले आणि त्यांची हालचाल कमी. अशी गाडी नदीच्या पात्रात घाला. पुढचं डावं चाक दगडावर चढलं, मागचं उजवंही चढलं, उरलेली दोन खड्ड्यात. पाटे एवढे हलत नाहीत, मग दोनच पर्याय उरतात. एक तर चाक हवेत जाईल आणि नुसतं गरगरेल. नाही तर चासी पिळली जाईल आणि चाक जमिनीला टेकवून ठेवेल.

चासी आणि स्प्रिंगा एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. जमीन जितकी वाकडी तितकं कुणीतरी वाकलंच पाहिजे. स्प्रिंग वाकणार नसेल, तर चासीला वाकावं लागतं. जुन्या गाड्यांत चासी ही पाचवी स्प्रिंग होती.

आणि त्या गाडीला हा पीळ परवडत होता. वर कापडी हुड, दारं नाहीत, पुढची काच बॉनेटवर आडवी करता येणारी. चासी दोन अंश पिळली तरी वर बिघडायला काही नव्हतंच.

हा गुण ठरवून वापरणारी गाडी म्हणजे जर्मन युनिमॉग. अल्बर्ट फ्रीडरिश यांनी दुसरं महायुद्ध संपता संपता शेतीसाठी तिची कल्पना मांडली आणि १९५१ पासून ती मर्सिडीजच्या छत्राखाली बनू लागली. तिची चासी पिळली जावी अशीच बांधलेली असते. पण केबिन तिच्यावर तीन बिंदूंवर टेकवतात. तीन पायांचं स्टूल उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांची खुर्ची डुगडुगते, तेच तत्त्व. खालची चासी कितीही पिळू दे, केबिनला त्याचा पत्ता लागत नाही. इथे लवचीकपणा स्वस्ताईतून आलेला नाही, हिशोबातून आलेला आहे.

चार पट्ट्यांची पेटी

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर एक जुनी विलीज जीप होती. तिच्यावरून लँड रोव्हर सुचली. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर बांधला होता. एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली.

युद्धानंतर पोलादावर रेशनिंग होतं. तुळया दाबून काढायला लागणाऱ्या महागड्या साच्यांचा खर्चही नको होता. म्हणून पोलादाच्या चार सपाट पट्ट्या कडेला कडा लावून वेल्ड केल्या आणि बंद पेटीसारखी तुळई बनवली. टंचाईतून निघालेला हा जुगाड पिळाला कित्येक पट ताठ ठरला. पण पाटे कडकच राहिले. म्हणजे चासी वाकत नाही आणि स्प्रिंगही वाकत नाही. वाकड्या जमिनीवर मग चाक हवेत.

हा गुंता खऱ्या अर्थाने सुटला तो १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये. बंद पेटीची ताठ चासी आणि खाली लांब हालचालीच्या, मऊ कॉइल स्प्रिंगा. १९८३ च्या लँड रोव्हर ११० मध्येही कॉइल आल्या. जीपच्या रँग्लरला त्या १९९७ च्या मॉडेलमध्ये मिळाल्या. आपल्याकडे २०१० च्या थारला मागे अजून पाटेच होते, २०२० च्या थारला चारही बाजूंना कॉइल आल्या.

या सगळ्या बदलाचा अर्थ एका ओळीत सांगता येतो: वाकण्याचं काम चासीकडून काढून स्प्रिंगकडे दिलं. स्प्रिंग त्यासाठीच जन्माला आलेली असते. ती लाखो वेळा दबली तरी चालते आणि तुटली तर दुपारभरात बदलता येते. चासी तशी नाही.

वडापची जीप आणि धातूचा थकवा

आपल्याकडे चासीची खरी परीक्षा डोंगरात झाली नाही, ती वडापमध्ये झाली. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू झाली, पुढे सीजे-३बीच्या आराखड्यावर महिंद्राने दशकानुदशकं गाड्या बनवल्या. त्यांचेच वंशज आणि ट्रॅक्स गावोगावी 'सीट भरली की निघणाऱ्या' गाड्या झाल्या. मी कॉलेजात असताना अशा जीपच्या मागच्या बाकावर बसून दाराकडे बघत असे. आत पंधराएक माणसं, टपावर पोती. वळणावर खड्डा आला की दार आणि चौकट यांच्यातली फट वरून रुंद, खालून अरुंद होई आणि लगेच पूर्ववत. चासी पिळत होती. दिवसाला हजारो वेळा.

लोखंड एका झटक्यात तुटत नाही, ते थकतं. पुन्हा पुन्हा थोडं थोडं वाकवलेली तार जशी शेवटी हातात येते तसं. चीर नेहमी एका ठरावीक जागी पडते: मऊ भाग जिथे अचानक ताठ भागाला भेटतो तिथे. क्रॉस मेंबरचा जोड, पाट्याचा हँगर, स्टिअरिंग बॉक्सची बैठक. गॅरेजमध्ये अशा चिरेवर पट्टी मारतात. पट्टी चौकोनी कापून तुळईवर उभी वेल्ड केली, की तिच्या कडेला नवी ताठ-मऊ सीमा तयार होते आणि पुढची चीर बरोबर तिथेच येते. जाणता वेल्डर म्हणूनच पट्टीची टोकं तिरपी कापतो, म्हणजे ताठपणा हळूहळू उतरतो. सूत्र त्याने पुस्तकात वाचलेलं नसेल, पण शेकडो तुटलेल्या चासींनी त्याला ते शिकवलेलं असतं.

बंद पेटीचीही एक खोड आहे. उघड्या तुळईतला चिखल पाण्याने धुता येतो, गंज डोळ्यांना दिसतो. पेटीत शिरलेला चिखल आतच राहतो आणि चासी आतून सडते. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत चालणारी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

पातळ पत्र्याचं रहस्य

मग नव्या गाड्यांचा पत्रा पातळ का? कारण पोलाद बदललं. साध्या पोलादाच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त ताण सोसणारं पोलाद आता सर्रास वापरतात. पण एक मेख आहे. ताकद वाढली तरी पोलादाचा मूळ ताठपणा तेवढाच राहतो. पातळ पत्रा तुटणार नाही, पण वाकेल जास्त. उघड्या तुळईचा पत्रा निम्मा केला तर तिचा पिळाला असलेला ताठपणा एक अष्टमांश होतो. बंद पेटीत तो फक्त निम्मा होतो. म्हणजे पातळ पत्रा वापरायचा तर पेटी बंद करणं भागच आहे.

सुझुकीने २०१८ च्या जिम्नीत शिडी कायम ठेवली, पण मधोमध 'एक्स' आकाराचा मेंबर आणि दोन जादा क्रॉस मेंबर घातले. पिळाला ती आधीपेक्षा दीडपट ताठ झाल्याचं कंपनी सांगते.

लँड रोव्हरने शिडीच टाकून दिली. जुन्या डिफेंडरचं उत्पादन २९ जानेवारी २०१६ ला थांबलं. २०१९ मध्ये आलेली नवी डिफेंडर ॲल्युमिनियमची अखंड पेटी आहे. चासी वेगळी नाहीच. कंपनीचा आकडा आहे एका अंशाला २९ हजार न्यूटन-मीटर. सोप्या भाषेत, दोन मीटरच्या दांड्याच्या टोकाला जवळजवळ दीड टन वजन लटकवाल तेव्हा गाडी एक अंश पिळली जाईल. जुन्या भक्तांनी कपाळाला हात लावला. पण रशियाची लाडा निवा १९७७ पासून चासीशिवायच चिखल तुडवत होती.

याचा अर्थ ताठ तेच बरोबर, असाही नाही. १९८४ ची जीप चेरोकी अखंड बांधणीची होती. दगडांत जोरात पिळणारे तिचे मालक आजही तिच्या खाली जादा पट्ट्या वेल्ड करतात. ट्रकच्या चासी आजही उघड्या 'सी'च्या असतात. आणि २००७ च्या रँग्लर रुबिकॉनमध्ये बटण दाबलं की पुढचा स्वे बार सुटतो. वेगात असताना गाडी ताठ, रांगताना सैल.

जिवाचा प्रश्न

आता परत काकांकडे. 'शिडीची चासी म्हणजे सुरक्षित' हे त्यांचं खरं म्हणणं असतं. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ धडकवून पाहिली. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला मिळाले शून्य तारे. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच मिळाले. दोन्हींच्या खाली शिडीच आहे.

फरक असा, की धडकेत काय चुरडायचं आणि काय अजिबात हलू द्यायचं नाही, हे नव्या गाडीत आधी ठरवलेलं असतं. पुढचा भाग घडी पडत धडकेची ऊर्जा खातो, माणसांचा कप्पा आकार सोडत नाही, पट्टे आणि एअरबॅग उरलेलं सांभाळतात. 'झाडावर आदळली, पण गाडीला ओरखडा नाही' अशी जुन्या जीपची कौतुकं ऐकताना मला म्हणूनच अस्वस्थ वाटतं. जमीन असो की झाड, कुणीतरी वाकतंच. गाडी वाकली नसेल, तर तो धक्का आतल्या माणसाच्या बरगड्यांनी घेतलेला असतो.

मला जुन्या जीप आवडतात. त्यांच्या तुळया उघड्या आहेत, त्यामुळे त्यांचं सगळं गणित खाली वाकून वाचता येतं. पण आता घरात गाडीची चर्चा निघेल तेव्हा बॉनेटवर टकटक करू नका. तीन गोष्टी विचारा: खडबडीत रस्त्यावर यात काय वाकतं, धडकेत काय चुरडतं आणि काय तसंच राहतं. जुनी गाडी घेणार असाल तर टॉर्च घेऊन खाली शिरा आणि क्रॉस मेंबर जिथे तुळईला भेटतो ते जोड एकेक करून तपासा.