खडीच्या रस्त्यावरची शर्यत

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा झाल्या, तेव्हा अध्यक्षपदी सर दोराबजी टाटा होते. जमशेटजींचे हे थोरले चिरंजीव केंब्रिजला शिकलेले आणि खेळांचं मनापासून वेड असलेले. पुण्यात त्यांना जे दिसलं ते युरोपातल्या मैदानांपेक्षा फार वेगळं होतं. जागा अपुरी असल्यामुळे शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून पळवली जात होती, आणि धावणाऱ्यांना पाश्चात्त्य नियमांची ओळख नव्हती. पण सुमारे पंचवीस मैलांच्या शर्यतीने ते थक्क झाले. तिच्यात उतरलेली बहुतेक पोरं शेतात राबणारी, साध्या भाजीभाकरीवर वाढलेली होती. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यावरून ती अनवाणी धावली, आणि पहिल्या तीन-चार जणांनी दिलेली वेळ युरोपातल्या धावपटूंच्या शेजारी मांडण्यासारखी होती. दहा वर्षांनी, १९२९ मध्ये, टाटांनी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं, त्यात या शर्यतीची हकीकत आहे. जिंकणाऱ्यांच्या पायांत काय होतं आणि ते कुठून आले होते, हे टाटांना दहा वर्षांनंतरही सांगावंसं वाटलं.

यातल्या काही जणांना स्वतःच्या खर्चाने अँटवर्पच्या ऑलिम्पिकला पाठवायचं टाटांनी ठरवलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी पाठबळ दिलं, आणि १९२० मध्ये सहा जणांचं पथक निघालं. त्यातले चौघे धावपटू होते, दोघे मल्ल. मॅरेथॉनसाठी बेळगावचा फडेप्पा दारेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार यांची निवड झाली होती. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले. सारा महाराष्ट्र सुतकात असताना, २२ ऑगस्टला, बेल्जियममधल्या थंड पावसाळी हवेत चौगुले धावायला उभा राहिला.

ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिम्पिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेह्माइनेन २ तास ३२ मिनिटांत पोचला आणि जिंकला. दातार शर्यत पुरी करू शकला नाही. चौगुले २ तास ५० मिनिटांत आला, एकोणिसावा. परदेशातली पहिलीच मोठी शर्यत, अनोळखी हवा, अनोळखी अन्न, आणि मागे कसलीही परंपरा नाही, हे ध्यानात घेतलं की या एकोणिसाव्या क्रमांकाचं मोल कळतं. भारतीय खेळांच्या इतिहासात त्याला जेवढी जागा मिळाली, त्याहून कितीतरी मोठी मिळायला हवी होती.

पुण्यातल्या शर्यतीचं अंतर ‘सुमारे पंचवीस मैल’ असं नोंदलेलं आहे, म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. मॅरेथॉनचं अंतर तोवर जगातच पक्कं झालेलं नव्हतं. १८९६ च्या अथेन्समध्ये ते जेमतेम चाळीस किलोमीटर होतं. ४२.१९५ किलोमीटर हे आजचं माप १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमधलं, आणि त्यावर १९२१ मध्ये शिक्कामोर्तब झालं.

दख्खनच्या माणसाला लांबची धाव मात्र जिमखान्याने शिकवलेली नव्हती. पेशवाईत पत्रं पोचवण्याचं काम जासूद आणि कासीद करत, आणि हा पायांवर चालणारा धंदा होता. वाट, घाट, नदीचे उतार आणि मुक्कामाची गावं ज्याला तोंडपाठ, तो चांगला कासीद. पानिपतच्या संहाराची पहिली खबर नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी कासिदाकडच्या पत्रातून मिळाली, असं मराठ्यांच्या इतिहासात सांगितलं जातं. पुढे इंग्रजांच्या टपालखात्यात डाकेचे हरकारे आले. काठीला घुंगरू, खांद्यावर थैली आणि ठरलेला टप्पा, असं त्यांचं काम. त्यांच्यासाठी कोणी अंतिम रेषा आखली नाही की पदक ठेवलं नाही. टप्पा वेळेत गाठला तर पगार, एवढाच हिशेब.

हौसेने आणि भक्तीने धावण्याची एक जुनी रीतही इथेच आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरच्या अलीकडे येते, तेव्हा वारकरी उतारावरून पंढरपूरच्या दिशेने धावत सुटतात. याला ‘धावा’ म्हणतात. तुकोबांना इथून विठ्ठलाच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावतच निघाले, अशी श्रद्धा आहे. जवळपास दोन आठवडे चाललेली, साठी-सत्तरी गाठलेली माणसंही या उतारावर पळताना दिसतात. जिमखान्याच्या शर्यतीत पळालेल्या शेतकरी पोरांच्या पायांना असल्या वाटांची सवय होती, एवढं म्हणायला हरकत नाही.

अँटवर्पनंतर मात्र रस्त्यावरच्या शर्यतीला महाराष्ट्रात बरीच दशकं मोठं घर मिळालं नाही. कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांना प्रेक्षक होते. लांब धावणं शाळा-कॉलेजांच्या क्रॉस कंट्रीत आणि लष्कराच्या रेजिमेंटांत टिकून राहिलं.

घडी बदलली १९८३ साली. दिल्लीच्या एशियाडला वर्ष झालं होतं, आणि सुरेश कलमाडींच्या पुढाकाराने पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. डिसेंबरचा पहिला रविवार ही तिची तारीख शहराच्या अंगवळणी पडली. परदेशी धावपटू आपल्या पेठांच्या आसपासच्या रस्त्यांवरून पळताहेत आणि शाळेची मुलं फूटपाथवर उभी राहून टाळ्या पिटताहेत, हे पुण्याने दरवर्षी पाहिलं. तरीही तेव्हाची मॅरेथॉन बव्हंशी बघण्याची गोष्ट होती. नोकरी करणारा चाळिशीतला माणूस तिच्यात उतरेल, ही कल्पना अजून रुजायची होती.

ती रुजवली मुंबईने. १५ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबई मॅरेथॉनची आजची मालिका सुरू झाली. अव्वल धावपटूंच्या मागे हजारो सामान्य माणसं रस्त्यावर उतरली, आणि ज्यांना अर्धमॅरेथॉनसुद्धा झेपणार नव्हती त्यांच्यासाठी ‘ड्रीम रन’ होती. पुढे जानेवारीचा तिसरा रविवार ठरून गेला. वांद्रे-वरळी सागरी सेतू झाल्यावर शर्यतीला समुद्रावरची वाट मिळाली. पण पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या कोणालाही विचारा, तो आधी पेडर रोडची चढण सांगेल. परतीच्या वाटेवर, तीसेक किलोमीटर अंगावर पडल्यानंतर, ही चढण समोर येते. एरवी गाडीतून ती जाणवतही नाही. तिथले रहिवासी संत्र्याच्या फोडी, मीठ, बिस्किटं आणि दुखऱ्या पायांवर मारायचा स्प्रे घेऊन सकाळपासून उभे असतात. अनोळखी माणसाचं बिबवरचं नाव वाचून त्याला हाक मारून चढवतात. मुंबईच्या माणुसकीची ही एक अस्सल रीत आता दोन दशकांची झाली आहे.

एका रविवारच्या शर्यतीसाठी वर्षभर तयारी लागते, आणि ती एकट्याने जमत नाही. म्हणून क्लब उभे राहिले. ‘मुंबई रोड रनर्स’ने महिन्याच्या पहिल्या रविवारी वांद्र्यापासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत धावण्याचा परिपाठ घातला, अंतर जवळपास अर्धमॅरेथॉनचं. पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर, सांगली, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा शहरांत पहाटे पाचला एखाद्या मैदानाच्या फाटकाशी जमणारे गट तयार झाले. आठवड्यात एकदा वेगाचा सराव, एकदा चढणीचा, आणि रविवारी ‘लाँग रन’. तो संपला की पोहे आणि चहा. तिथेच कोणाचा ‘पीबी’, म्हणजे स्वतःची सर्वोत्तम वेळ, किती मिनिटांनी सुधारला, कोणाचा गुडघा धरला, ठरलेला वेग धरून इतरांना नेणारा पेसर कोण होणार, याचा हिशेब होतो.

या क्लबांचा मोसम पंचांगापेक्षा हवेवर बेतलेला आहे. लांब धावताना शरीरात उष्णता साठते आणि ती घामावाटे बाहेर पडावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनमध्ये ते धोक्याचं ठरतं. म्हणून पावसाने हवा गार केली की मोसम उघडतो. ऑगस्टमध्ये ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, त्यानंतर साताऱ्याची घाटातली, डिसेंबरात पुणे आणि वसई-विरार, जानेवारीत मुंबई. लोणावळ्याची अल्ट्रा झाली की बरेच जण बूट सैल करतात.

या साखळीत साताऱ्याची जागा निराळी आहे. बाकीच्या बहुतेक शर्यतींमागे महानगर आहे, महापालिका आहे, मोठा पैसा आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये स्थानिक धावपटूंच्या संस्थेने, सातारा रनर्स फाउंडेशनने, सुरू केली. त्याच वर्षी कासचं पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात गेलं, आणि शर्यतीची वाट त्याच रस्त्याची आहे. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. पहिल्या अर्ध्यात चढ, दुसऱ्यात उतार, वर बहुतेकदा धुकं आणि भुरभुर पाऊस.

नवख्यांना चढणीची धास्ती असते. जुने लोक उताराला घाबरतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणलेल्या अवस्थेत शरीराचं ओझं पेलून धरावं लागतं. दर पावलाला हा ब्रेक लागतो आणि स्नायूंचे तंतू सूक्ष्मपणे फाटतात. चढताना जोर वाया घालवलेला माणूस उतारावर वसूल करू म्हणतो, आणि गाव दिसायला लागल्यावर त्याचे पाय कडक होतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागतो.

रस्त्यावरच्या शर्यतीचं अंतर मोजण्याचं शास्त्रही घाटात कसाला लागतं. प्रमाणित मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाला मोजयंत्र बसवतात, आधी पोलादी फितीने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर ते ताडून पाहतात, आणि मग धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणाच्या आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवरून, सायकल चालवतात. वर किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात, म्हणजे अंतर कधी कमी भरू नये. वाहतूक बंद असलेल्या घाटात धावपटू एका कडेपासून दुसऱ्या कडेला तिरपा जातो, त्यामुळे मोजणाऱ्यालाही तसंच जावं लागतं. १९१९ च्या ‘सुमारे पंचवीस मैलां’पासून इथवरचा प्रवास मोठा आहे.

२०१५ मध्ये साताऱ्याच्या या शर्यतीची नोंद डोंगरी धावेतल्या सर्वाधिक सहभागासाठी गिनेस बुकात झाली. त्या रविवारी सातारकर घरातून बाहेर येतात, ढोल-ताशा आणि लेझीम वाटेत असते, हॉटेलं आणि नातेवाइकांची घरं आदल्या रात्रीच भरतात. मध्यम आकाराच्या एका गावाने स्वयंसेवकांच्या जोरावर उभं केलेलं हे काम महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शर्यतीच्या तोडीचं आहे.

याच जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही हे ललिता बाबरचं गाव. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. मग तिने रस्ता सोडून ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, धरली. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ मधल्या पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. राज्य सरकारने पुढे तिला उपजिल्हाधिकारीपद दिलं.

नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी भागात, हरसूलजवळच्या सावरपाड्यात, कविता राऊत वाढली. धावायला बूट लागत नाहीत, अनवाणी पळता येतं, म्हणून हा खेळ धरला, असं तिने स्वतः सांगितलेलं आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. १९५८ च्या मिल्खा सिंगांच्या सुवर्णानंतर राष्ट्रकुल स्पर्धांत ट्रॅकवर भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य घेतलं. आणि बारामतीच्या लता करे यांचं नाव तर घ्यायलाच हवं. साठी ओलांडलेल्या या बाई नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी, स्थानिक शर्यतीत उतरल्या आणि बक्षीस घेऊन घरी गेल्या. त्यांच्यावर निघालेल्या ‘लता भगवान करे’ या चित्रपटात त्यांनी स्वतःचंच काम केलं, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली.

साताऱ्या-सांगलीकडच्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे क्लबाच्या लोकांच्या आधी भरतीची पोरं-पोरी आलेली असतात. पोलीस भरतीच्या ‘ग्राउंड’ला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्यातल्या काही सेकंदांवर गुण आणि पुढचं आयुष्य ठरतं. मिलिटरी अपशिंगेसारख्या गावांत तर फौजेत जाणं ही पिढ्यांची वहिवाट आहे. झिजलेले बूट, खिशात मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि सल्ला द्यायला गेल्या वर्षी भरती झालेला गावातला एखादा दादा. क्लबाकडे प्रशिक्षक असतो, फिजिओथेरपिस्ट असतो, आहाराचं ज्ञान असतं. दोन्ही गट एकाच डांबरावरून एकमेकांना ओलांडून जातात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा संबंध तिथेच संपतो.

तो तिथे संपू नये, याची सोय क्लबांच्या हातात आहे. मोठ्या शर्यतींचं प्रवेशशुल्क हजार-दोन हजार रुपयांच्या घरात गेलं आहे, आणि शेतमजुराच्या पोराला एवढ्यात महिन्याचा खुराक सुटतो. तालुक्यातल्या शाळा-अकादम्यांतल्या मुलांना शुल्क माफ करावं, त्यांच्यासाठी पाच आणि दहा किलोमीटरच्या वेगळ्या शर्यती ठेवाव्यात, प्रायोजकांच्या रकमेतून त्यांना बूट द्यावेत, आणि मंगळवारच्या सरावाला फाटकाशी आलेल्या भरतीच्या पोराला आत घ्यावं. यातल्या कशालाही सरकारी ठराव लागत नाही. पुढच्या मोसमाची नोंदणी उघडायच्या आधी क्लबाची जी बैठक होते, तिच्यात एवढे विषय घेतले तरी काम सुरू होईल.