मंद आचेवरील स्वयंपाक, यवतमाळ जिल्ह्यातील

थोड्या पण अखंड उष्णतेवर, झाकलेल्या भांड्यात, पुष्कळ वेळ अन्न शिजविण्याची पद्धती. यात अन्नाचे तपमान सामान्यतः पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या किंचित खाली, म्हणजे सु. ७५° ते ९५° से. यांच्या दरम्यान राहते व शिजण्याची क्रिया दोन ते आठ तासांपर्यंत चालते. भांड्याजवळ सतत बसण्याची वा अन्न वारंवार ढवळण्याची गरज नसल्यामुळे, घरातील सर्व प्रौढ माणसे कामावर जाणाऱ्या कुटुंबांस ही पद्धती विशेष सोयीची ठरते. महाराष्ट्रात ती जवळजवळ सर्वत्र आढळते. तथापि कापूस व ज्वारी या दोन पिकांवर ज्याचे जीवन दीर्घकाळ उभे होते, त्या यवतमाळ जिल्ह्यात तिचा शेतीकामाशी असलेला संबंध स्पष्टपणे पाहावयास मिळतो.

कृषिजीवनाची पार्श्वभूमी : वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेला हा जिल्हा जुन्या वऱ्हाड प्रांताचा आग्नेय भाग होय. पूर्वी तो वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील गिरण्यांना कापसाचा तुटवडा भासू लागला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला मोठी मागणी आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळ शहर मूर्तिजापूरशी अरुंदमापी लोहमार्गाने जोडले गेले. कापसाच्या या विस्ताराचा स्वयंपाकघरावर झालेला परिणाम क्वचितच लक्षात घेतला जातो. कापूस वेचणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम असून ते दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे तीन-चार महिने चालते. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळत असल्याने सकाळी लवकर शेतात पोहोचणे भाग पडते व परत येण्यास दिवस मावळतो. म्हणून पहाटेचा एखादा तास व संध्याकाळचा थोडा वेळ एवढ्यातच कुटुंबाचे अन्न तयार करावे लागे. मधल्या काळात राहणारी चुलीची ऊब उपयोगात आणणे ही या परिस्थितीतून आलेली निकड होती.

पारंपरिक साधने : मातीची चूल, तिच्या बाजूचा वैल, निखाऱ्यांची शेगडी आणि जाड बुडाची मातीची हंडी ही या पद्धतीची मुख्य साधने होत. भाकरी भाजण्यास मोठा जाळ लागतो; त्याच वेळी चुलीतून वैलाकडे जाणाऱ्या उष्णतेवर डाळीचे आधण ठेवीत. भाकरी झाल्यावर जाळ ओढून घेत, निखारे राखेने झाकीत आणि हंडी त्यांवर सरकवून ठेवीत. राखेचा थर निखाऱ्यांना मिळणारी हवा कमी करतो, त्यामुळे ते सावकाश जळतात व कित्येक तास ऊब देतात. मातीचे भांडे उष्णतेचे मंदवाहक असल्याने अन्न बुडाशी लवकर लागत नाही आणि विस्तव निवाला तरी भांडे बराच वेळ गरम राहते. जळणासाठी गोवऱ्या, कापसाच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या वापरीत. पऱ्हाट्या व तुराट्या भरकन जळून जातात, तर गोवरी धुमसत राहते. त्यामुळे आधण येईपर्यंत काटक्या आणि पुढे गोवरी असा क्रम रूढ झाला. गोवरीच्या धगीवर मातीच्या भांड्यात दूध दिवसभर तापत ठेवण्याची चालही याच प्रकारातील होय.

पदार्थ : ज्वारीच्या कण्या हा या पद्धतीचा नमुनेदार पदार्थ होय. ज्वारी भरडून, कोंडा पाखडून काढून, कण्या उकळत्या पाण्यात वैरीत व मंद आचेवर फुलू देत. त्या ताक, वरण वा भाजीबरोबर खात. आंबील करण्यासाठी ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात रात्रभर आंबवून दुसऱ्या दिवशी शिजवितात. उन्हाळ्यात ती विशेषेकरून पितात. कापसात आंतरपीक म्हणून तूर घेतली जात असल्याने तुरीचे वरण हे रोजच्या जेवणाचे अंग बनले. अंबाडीची भाजी करताना तुरीची डाळ व ज्वारीच्या कण्या एकाच हंडीत घालतात. तीत डाळ आधी मऊ शिजवून मगच अंबाडीचा पाला घालावा लागतो. कारण आंबटपणामुळे डाळीच्या पेशीभित्तिकांतील पेक्टीन लवकर विरघळत नाही आणि डाळ टणक राहते. या कारणाचे शास्त्रीय ज्ञान नसतानाही हा क्रम घरोघरी पाळला जात असे. गव्हाच्या कणकेचे रोडगे किंवा पानगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजून वांग्याच्या भाजीबरोबर व वरणाबरोबर वाढण्याची पद्धत विदर्भात सर्वत्र आहे. ते रोजचे जेवण नसून शेतावरील व नवसाच्या पंगतीचे आहे. गोंड, कोलाम इ. आदिवासींच्या आहारातही पातळ पेज व वाळविलेल्या मोहफुलांचे शिजविलेले पदार्थ यांना स्थान आहे. या सर्व पदार्थांत एक समान सूत्र दिसते : धान्य, डाळ व पाला एकाच भांड्यात, भरपूर पाण्यात, थोड्या तेलावर शिजतात.

इतरत्रची उदाहरणे : कामाच्या वा धर्मनियमांच्या अडचणीतून अशीच पद्धती जगात अनेक ठिकाणी निर्माण झाली. शब्बाथच्या दिवशी विस्तव पेटविणे निषिद्ध असल्याने यूरोपातील ज्यू कुटुंबे कडधान्य व मांस यांचे मिश्रण आदल्या संध्याकाळी भट्टीत ठेवीत. दिल्ली व लखनौ येथील निहारी रात्रभर शिजते. १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात नॉर्वेच्या योहान सोरेन्सेन यांनी उष्णतारोधक पेटी मांडली. उकळते भांडे तीत बंद केले, की आतील उष्णतेवरच अन्न शिजत राही. गवत भरलेल्या अशा पेट्या पहिल्या महायुद्धाच्या काळात इंधन वाचविण्यासाठी यूरोपात पुष्कळ वापरल्या गेल्या. भारतात इंदुमाधव मल्लिक (१८६९–१९१७) या बंगाली वैद्यकवेत्त्याने १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ तयार केला. एका उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे रचून तळाशी थोडे पेटते कोळसे ठेवले, की भात, डाळ व भाजी वाफेवर आपोआप शिजत. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना विजेवर चालणाऱ्या मंदपाक भांड्याचे एकस्व १९४० मध्ये मिळाले. आईने सांगितलेल्या लिथ्युएनियातील शब्बाथच्या पदार्थावरून ही कल्पना त्यांना सुचली होती. हेच भांडे १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आले आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरांत लोकप्रिय झाले.

सुधारणेचे प्रयत्न : यवतमाळला लागून असलेल्या वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने (स्थापना १९३४) मगनवाडीत ग्रामीण उद्योग व आहार यांविषयी प्रयोग केले, धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ ही तेथील परंपरेतूनच आली. १९५९ पासून भारतात दाबपाचक (प्रेशर कुकर) तयार होऊ लागले. त्यांतील तपमान सु. १२०° से. पर्यंत चढत असल्याने तासाभराची डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजू लागली व मंद आचेची निकड बरीच कमी झाली. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये संपला. पुण्यातील समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (आरती) प्रसृत केलेला ‘सराई कुकर’ हा तत्त्वतः इकमिक कुकरचाच वंशज असून तो मूठभर कोळशाच्या कांड्यांवर एका कुटुंबाचे जेवण शिजवितो.

आहारदृष्ट्या महत्त्व : दीर्घकाळ शिजल्याने ज्वारीतील पिष्ठ पाणी शोषून फुगते आणि डाळ पचण्यास सुलभ होते. शिजविलेले पाणी टाकून दिले जात नसल्याने त्यात उतरलेली खनिजे व काही जीवनसत्त्वे अन्नातच राहतात. क जीवनसत्त्व मात्र दीर्घ उष्णतेने बव्हंशी नष्ट होते, म्हणून कच्चा कांदा, मिरची, लिंबू किंवा ताजी कोशिंबीर सोबत घेणे उपयुक्त ठरते. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा वा पापडखार घातल्यास थायामिनाचा नाश होतो. मंद आचेवर पुरेसा वेळ दिल्यास त्यांची गरज भासत नाही. तथापि पद्धती चांगली असली, तरी आहार एकांगी असून चालत नाही. ज्वारी हेच जवळजवळ एकमेव अन्न असलेल्या दख्खनमधील गरीब लोकांत आढळणाऱ्या वल्कचर्म (पेलाग्रा) या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याशी असावा, असे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. पुढे या कारणमीमांसेत इतर घटकांचीही भर पडली. नुसत्या कण्या आणि डाळ व पाला घातलेल्या कण्या यांत किती अंतर आहे, हे यावरून ध्यानी येते. भांड्यात काय पडते हे आच किती मंद आहे याहून अधिक महत्त्वाचे होय.

दक्षता : या पद्धतीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. (१) अन्न आधी खळखळून उकळले पाहिजे. राजम्यासारख्या घेवड्याच्या दाण्यांतील लेक्टीन हे विषारी प्रथिन सु. ८०° से. च्या खाली नष्ट होत नाही. म्हणून ते दाणे भिजवून, पाणी बदलून, किमान दहा मिनिटे उकळल्यावरच मंद आचेवर ठेवावेत. (२) कोमट अन्नात सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात. अन्न ६०° से. च्या वर राहिले पाहिजे. विस्तव विझून वा वीज जाऊन हंडी तासन्‌तास कोमट राहिली, तर ते अन्न पुन्हा तापविल्यानेही निर्धोक होईलच असे नाही. (३) धुमसणाऱ्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड व सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. बंद घरात गोवरीची धग दिवसभर ठेवणे हे स्त्रिया व लहान मुले यांच्या फुप्फुसांना अपायकारक असते. जुन्या पद्धतीचा गौरव करताना तिची ही किंमत नजरेआड करून चालणार नाही.

बदलते स्वरूप : १९९० नंतरच्या काळात जिल्ह्यात सोयाबीनचे पीक पसरले, २००२ नंतर बीटी कापूस आला आणि ज्वारीचे क्षेत्र पुष्कळच घटले. ज्वारीबरोबर जनावरांचा कडबा घटला, जनावरांबरोबर शेण व गोवऱ्याही घटल्या. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळू लागल्याने कण्यांची जागा भाताने व भाकरीची पोळीने घेतली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची जोडणी गरीब घरांपर्यंत पोहोचली. परंतु टाकी पुन्हा भरून घेण्याचा खर्च परवडत नसल्याने अनेक घरांत गॅस व चूल ही दोन्ही शेजारी-शेजारी वापरात राहिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्यावर ज्वारीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. मात्र भरडणे, पाखडणे व शिजविणे यांचे श्रम पूर्वीप्रमाणे एकट्या स्त्रीवर पडणार असतील, तर केवळ पौष्टिकतेच्या उपदेशाने कण्या ताटात परत येणार नाहीत. गावातच भरडलेल्या कण्या मिळणे, आणि उकळलेले भांडे गवताच्या वा चिंध्यांच्या पेटीत ठेवून इंधन व धूर दोन्ही वाचविणे, हे उपाय अल्प खर्चाचे व जुन्या अनुभवाशी जुळणारे आहेत. पहाटे चढविलेले अन्न संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या कुटुंबाला तयार मिळावे, ही या पद्धतीमागील मूळ गरज आजही संपलेली नाही.