ललाटखंडाची इजा

ललाटखंडाची इजा : कपाळाच्या हाडामागे असलेल्या फ्रंटल लोबला मार, पक्षाघात, गाठ किंवा शस्त्रक्रियेमुळे पोहोचलेले नुकसान. अशा माणसाचे बोलणे स्वच्छ असते, पाढे आठवतात, नातेवाईक ओळखता येतात, बुद्ध्यंकही पुष्कळदा शाबूत राहतो. बिघडते ती कार्यकारी क्षमता : काम आखणे, ते वेळेवर सुरू करणे, मधेच आलेली ऊर्मी आवरणे, बेत फसला की दुसरा धरणे. हातपाय धड, जीभ धड, म्हणून घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतो’ किंवा ‘स्वभावच पालटला’. रुग्णाला मारापेक्षा हा गैरसमज जास्त महागात पडतो.

नुकसान कुठे झाले यावर लक्षणे ठरतात. वरच्या-बाहेरच्या भागाला इजा झाली तर आखणी आणि लवचिकपणा जातो. डोळ्यांच्या खोबण्यांवर टेकलेला तळाचा भाग दुखावला तर माणूस तोंडाला येईल ते बोलतो, पैसे उधळतो, चारचौघांत भान सोडतो. दोन्ही गोलार्धांच्या मधल्या बाजूचे नुकसान मात्र माणसाला गप्प करते. जेवण वाढले तर जेवतो, उठवले तर उठतो, आपणहून काही करत नाही. प्रत्यक्षात या तिन्हींची सरमिसळच अधिक आढळते.

सोव्हिएत संघातील संशोधक अलेक्सांद्र लुरिया (१९०२–७७) यांनी दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर काम करून ही लक्षणे उलगडली. त्यांची एक चाचणी आजही टेबलाशी बसून घेतात : आधी मूठ आपटायची, मग हाताची कड, मग तळवा, आणि हाच क्रम पुन्हा पुन्हा. रुग्ण ‘मूठ, कड, तळवा’ असे तोंडाने बरोबर म्हणतो आणि हाताने मूठच आपटत राहतो. माहिती आहे, पण ती हाताला हुकूम देत नाही.

१९८५ साली एस्लिंगर आणि दामासिओ या संशोधकांनी नोंदवलेला ई.व्ही.आर. हा रुग्ण जाणणे आणि करणे यांमधल्या याच दरीत सापडला होता. गाठ काढताना त्याच्या ललाटखंडांचा काही भाग काढावा लागला. बुद्धीच्या चाचण्यांत तो सरासरीच्या खूप वर होता, तरी धंद्यात दिवाळे निघाले, नोकऱ्या सुटल्या, संसार मोडला, आणि कुठल्या हॉटेलात जेवायचे हे ठरवायलाही त्याला तासनतास लागत.

सर्वांत गाजलेले उदाहरण फिनिअस गेजचे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग भरताना साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. तो वाचला. डॉक्टर जॉन हार्लो यांनी पुढे लिहिले की तो चंचल आणि शिवराळ झाला होता. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात, हा त्याच्यावर अन्याय आहे : नंतर त्याने चिलीमध्ये काही वर्षे घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता आणि ठरलेल्या वेळा यांनी त्याला सावरले असावे, असे काही अभ्यासक मानतात.

आज अशी इजा रस्त्यावरही होते. छत्तीसगडमधील भिलाई या पोलाद कारखान्याच्या शहरातून मुंबई–कोलकाता महामार्ग जातो आणि पाळ्यांवर जाणारे-येणारे असंख्य कामगार दुचाकीवर असतात. दुचाकी घसरून डोके आदळले की मेंदू कवटीच्या पुढच्या तळावर घासतो. तिथले हाड खडबडीत असल्याने ललाटखंडाचा तळ खरचटतो. वासाचे तंतूही तिथेच तुटतात. अपघातानंतर ‘फोडणीचा वास येत नाही’ अशी तक्रार आली, तर वागणुकीचीही चौकशी करायला हवी. हेल्मेट मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार बंधनकारक आहे.

छत्तीसगड आणि विदर्भात याहून अबोल असे एक कारण आहे : सिकलसेल, छत्तीसगडात ‘सिकलिंग’. विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे मेंदूचा रक्तपुरवठा अडतो आणि ललाटखंडाच्या खोल पांढऱ्या भागात लहान लहान क्षते पडतात. झटका येत नाही, तोंड वाकडे होत नाही. एमआरआय केल्याशिवाय ती कळत नाहीत. अमेरिकेतील अभ्यासांत या आजाराच्या तीव्र प्रकारात सहाव्या वर्षापर्यंत सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत अशी क्षते आढळली. भारतात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जास्त टिकत असल्याने आजार बऱ्याच जणांत सौम्य राहतो, सर्वांत नाही. ललाटखंड पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत असतो. त्यामुळे पहिलीत न जाणवलेली उणीव आठवीत, अभ्यास स्वतः आखावा लागतो तेव्हा, उघडी पडते. वर्गात त्या मुलाला आळशी ठरवले जाते. मेंदूतील रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणी पक्षाघाताचा धोका आधी ओळखते, आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या व गरजेनुसार रक्त देणे हे उपाय हाताशी आहेत.

झालेली इजा पुसता येत नाही. पुनर्वसनात बाहेरचा आधार उभा करतात : मोबाइलचा गजर, भिंतीवर लिहिलेली कामांची यादी, एका वेळी एकच सूचना, पैशांचा व्यवहार दुसऱ्याच्या देखरेखीखाली. रागावण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी अधिक होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेल आहे, मेंदूच्या इजेला मात्र स्वतंत्र स्थान नाही. ज्याचे हातपाय चालतात पण दिवस चालत नाही, अशा माणसाला प्रमाणपत्रासाठी दुसऱ्याच एखाद्या प्रकारात बसावे लागते.