खिडकीतून आलेला माजी सहकारी

१९७८ सालचा २७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळचे साडेदहा वाजत आलेत आणि तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलबाहेर उभे आहात. दारात मेटल डिटेक्टर आहे. नऊच दिवसांपूर्वी गयानातल्या जोन्सटाउनमध्ये एका पंथाची नऊशेहून जास्त माणसं मेली. तो पंथ याच शहरातून तिकडे गेलेला, त्यामुळे सगळे धास्तावलेत. तुम्ही मुख्य दाराने आत जाऊ नका. इमारतीला वळसा घाला. तळघराच्या खिडकीतून एक बत्तीस वर्षांचा माणूस आत उतरतोय. एक इंजिनियर त्याला हटकतो. मला आत यायलाच हवं होतं, असं काहीसं सांगून, आपण सुपरवायझर डॅन व्हाइट आहोत अशी ओळख देऊन तो निघतो. सुपरवायझर म्हणजे आपल्याकडचा नगरसेवक म्हणा. आता तो माजी आहे, एवढं तो सांगत नाही. त्याच्यापाशी .३८ रिव्हॉल्व्हर आहे, आणि दहा जादा गोळ्या.

त्याला वर जाऊ द्या. तुम्ही आधी काही महिने मागे चला.

अकरा सुपरवायझरांच्या मंडळात हा नवा आलेला. पूर्वी पोलीस होता, मग अग्निशमन दलात. शहराच्या दोन नोकऱ्या एकाच वेळी करता येत नाहीत, म्हणून ते काम सोडून वर्षाला ९,६०० डॉलरांवर इथे बसलाय. घरी लहान मूल. पिअर ३९ वर बटाट्यांचा स्टॉल टाकलाय, त्याची वेगळी ओढाताण. शेजारच्या खुर्चीतले लोक मात्र भाषणं ठोकतात, वर्तमानपत्रांत झळकतात. त्यांतला सगळ्यात झळकणारा हार्वे मिल्क, आपण समलैंगिक आहोत हे उघड सांगून कॅलिफोर्नियात निवडून आलेला पहिला माणूस. सुरुवातीला दोघांचं बरं जमतं, हे ऐकून आज नवल वाटेल.

मग एक मतदान होतं. व्हाइटच्या प्रभागातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये मानसिक त्रास असलेल्या मुलांसाठी केंद्र काढायचंय. त्याने मतदारांना शब्द दिलाय की ते होऊ देणार नाही, आणि मिल्क आपल्या बाजूने आहे अशी त्याची समजूत आहे. मिल्क केंद्राच्या बाजूने मत देतो. सहा विरुद्ध पाच, व्हाइट हरतो. पुढे समलैंगिकांना भेदभावापासून संरक्षण देणारा मिल्कचा कायदा मतदानाला येतो तेव्हा विरोधात एकच हात वर होतो, तो व्हाइटचा. मला विचाराल तर कायद्याशी त्याचं भांडण जेमतेम असावं. आपल्याला दगा देणाऱ्याचं काम अडवायचं होतं. कुठल्याही कार्यालयात असा एक जण असतो, जो एका मीटिंगमधलं वाक्य वर्षभर पोटात ठेवतो. बाकीचे ते दुसऱ्या दिवशी विसरलेले असतात.

१० नोव्हेंबरला तो राजीनामा देतो. पैसे पुरत नाहीत, हे कारण खरंच आहे. पण त्याचे समर्थक, त्यांत पोलीस संघटनेचे लोकही, त्याच्या मागे लागतात आणि तो राजीनामा मागे घ्यायला निघतो. महापौर जॉर्ज मॉस्कोनी आधी तयार होतात. मिल्क त्यांना अडवतो. मंडळातलं पारडं फिरवायची ही संधी आहे, ती का सोडायची? राजकारण म्हणून यात गैर काही नाही. रविवारी रात्री एक रेडिओ पत्रकार व्हाइटला फोन करते, तेव्हा त्याला कळतं की जागा दुसऱ्याला मिळतेय. महापौरांनी स्वतः फोन केलेला नाही.

आता सोमवारी परत या. साडेअकराला नव्या नावाची घोषणा आहे. महापौर व्हाइटला आतल्या खोलीत नेतात, दोन ग्लास भरू लागतात. नाकारलेल्या माणसाशी जरा मायेने बोलावं एवढाच हेतू. तो गोळ्या झाडतो, चार.

ग्लास, रक्त, आरडाओरडा यांकडे बघू नका, त्याच्या हातांकडे बघा. तो रिव्हॉल्व्हर पुन्हा भरतो. मग लांबलचक कॉरिडॉर ओलांडून इमारतीच्या दुसऱ्या अंगाला जातो. मंडळाच्या अध्यक्ष डायॅन फाइनस्टाइन त्याला हाक मारतात, तो थांबत नाही. मिल्कच्या दारात जाऊन जरा बोलायचंय म्हणतो आणि त्याला आपल्या जुन्या खोलीत नेतो. पाच गोळ्या. मिल्क तिथे पडलेला फाइनस्टाइनना सापडतो, आणि थोड्या वेळाने पत्रकारांपुढे उभं राहून दोन्ही मृत्यू जाहीर करायचं कामही त्यांच्याच वाट्याला येतं.

मे १९७९ मध्ये न्यायालयात जाऊन बसा. व्हाइट ज्या ठाण्यात पूर्वी काम करायचा तिथेच शरण गेला, आणि जबाब घेतला तो फ्रँक फाल्झन या जुन्या मित्राने. ती टेप लावतात तेव्हा ज्यूरीतले काही जण रडतात. बचाव असा की माणूस सज्जन, पण नैराश्याने खचलेला, इतका की एरवी तब्येत जपणारा हा गोडधोड आणि जंक फूड खाऊ लागला. वर्तमानपत्रांनी त्यातला ट्विंकी हा केकच तेवढा लक्षात ठेवला. ज्यूरी पूर्वनियोजित खून मानत नाही. सदोष मनुष्यवध, सात वर्षं आठ महिने. २१ मेच्या त्या रात्री संतापलेली गर्दी सिटी हॉलच्या काचा फोडते, पोलिसांच्या गाड्या पेटतात.

खिडकी, दहा जादा गोळ्या, मधला कॉरिडॉर हे सगळं ज्यूरीसमोर होतं. त्यांना दिसला तो फक्त खचलेला सज्जन.

व्हाइट जानेवारी १९८४ मध्ये सुटला आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये त्याने आत्महत्या केली. १९९८ मध्ये फाल्झनने सांगितलं की सुटकेनंतर व्हाइटने त्याच्याजवळ कबुली दिली होती: त्या सकाळी यादीत चार नावं होती. उरलेली दोन सुपरवायझर कॅरल रूथ सिल्व्हर आणि कॅलिफोर्निया विधानसभेचे सदस्य विली ब्राउन यांची.