प्रश्न विचारणारा श्रोता

रेडिओवर विज्ञान रंजक करायचं म्हटलं, की बहुतेकांना एकच कृती सुचते. माहिती तीच ठेवायची आणि तिला थोडं संगीत, एखादा विनोद, नवरा-बायकोचा खटकेबाज संवाद जोडून द्यायचा. सामुदायिक रेडिओची पुष्कळ केंद्रं आजही याच वाटेने जातात. पण या कामाचा आपल्याच मुलखातला इतिहास तपासला तर निराळंच चित्र दिसतं. ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता आला आणि त्याचं उत्तर पुन्हा त्याच्या कानावर पडलं, की शेणखतावरचा कार्यक्रमही लोक कान देऊन ऐकतात. ती सोय नसेल तर पेटी-तबल्यानेही फारसं काही साधत नाही.

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या रेडिओ-मंडळांचा प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडातली. तिथले शेतकरी १९४१पासून एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. इकडे सुमारे दीडशे गावं निवडली गेली. गावात वीसेक जणांचं मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि खरं काम तिथून सुरू व्हायचं. काय पटलं, काय पटलं नाही, आपल्या जमिनीत हे जमेल का, पैसा कुठून आणायचा, यावर बोलणं चाले. चिटणीस त्याचा गोषवारा आणि अडलेले प्रश्न लिहून केंद्राकडे धाडी, आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांतल्या प्रश्नांना उत्तरं मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंडळं असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नसलेली गावं त्यांनी ताडून पाहिली. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती नगण्य होती. कार्यक्रम तेच, आवाजही तेच. फरक होता तो कार्यक्रम संपल्यानंतरच्या बोलण्याचा.

यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला असा, की १९५९नंतर हीच योजना देशभर नेली आणि ती पुढे ढेपाळली. खरं आहे. मंडळं कागदावर हजारोंनी वाढली, पण बिघडलेले संच तसेच पडून राहिले आणि पत्रांना उत्तरं वेळेवर जाईनात. म्हणजे कल्पनेतला जो भाग कामाचा होता, नेमका तोच विस्तारात गळला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तंजावर भागात १९६०च्या दशकात एडीटी-२७ हे भाताचं वाण आकाशवाणीच्या तिरुचिरापल्ली केंद्रावरच्या प्रचारामुळे इतकं पसरलं, की लोक त्याला ‘रेडिओ भात’ म्हणू लागले. रेडिओ नुसता ऐकूनही लोक बदलतात, हे यावरून मान्यच करावं लागेल. मात्र बियाण्याचा फायदा एका हंगामात खळ्यावर मोजून घेता येतो. विज्ञानाच्या बहुतेक बातम्यांचं तसं नसतं. लस, साथरोग, भूजल, हवामानबदल यांतलं पीक डोळ्यांना दिसत नाही. तिथे शंका बोलून दाखवायला जागा लागतेच. नुसतं ऐकवून भागत नाही, हे १९९१मध्ये सुरू झालेल्या ‘मानव का विकास’ या १४४ भागांच्या रेडिओ-मालिकेने ओळखलं होतं. मानवाच्या उत्क्रांतीसारखा दूरचा विषय, पण सुमारे एक लाख मुलांची श्रोते म्हणून नोंदणी करून त्यांना तक्ते आणि साहित्य घरपोच दिलं गेलं.

शंका बोलून दाखवायची ही जागा सामुदायिक रेडिओला आयतीच मिळालेली आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. २००४मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात पहिलं केंद्र सुरू झालं आणि २००६च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. शंभर वॅटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. बारामतीची वसुंधरा वाहिनी किंवा म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ऐकणारा माणूस केंद्रापर्यंत चालत जाऊ शकतो, हे मुंबईच्या मोठ्या केंद्राला कधीच जमणार नाही. रक्तक्षयाचंच उदाहरण घ्या. ‘हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी’ हे वाक्य हवेत विरून जातं. पण जेवल्याबरोबर घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि भाजीवर पिळलेलं लिंबू ते लागायला मदत करतं, हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो: मग चहा किती वेळाने घ्यायचा? त्या प्रश्नाला दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या बाईच्याच आवाजासकट उत्तर दिलं, तर शेजारच्या चार घरांत रेडिओ लागतो. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या पाठबळाने महिलांचं आरोग्य आणि पोषण यांवर सामुदायिक केंद्रांनी जे कार्यक्रम केले, त्यांत आधी परिसरातल्या बायकांची पाहणी करायची ही पद्धत होती, आणि ती योग्यच होती.

लोकांना बोलू दिलं तर चुकीची माहितीही हवेवर जाईल, ही भीती तज्ज्ञ नेहमी बोलून दाखवतात. भीती रास्त आहे. पण चुकीची समजूत गावात असतेच. ती ध्वनिमुद्रणात आली तर डॉक्टरला किंवा कृषी अधिकाऱ्याला तिचा समाचार घेता येतो. खरी अडचण दुसरीकडेच आहे. २००६च्या धोरणाने या केंद्रांना बातम्या आणि चालू घडामोडी देण्यास मनाई केली. राजकारणाच्या धास्तीपोटी घातलेल्या या कुंपणात विज्ञानाची बातमीही अडकते, आणि मग ती नाटुकल्याच्या नाहीतर गाण्याच्या वेषात शिरते. ती मनाई विज्ञानापुरती तरी उठायलाच हवी. तोवर तुमच्या टापूत असं केंद्र असेल, तर श्रोता म्हणून एवढं करा: ऐकलेलं पटलं नाही, की केंद्राला फोन लावा आणि उत्तर मिळेपर्यंत लावत राहा.