जरा दूर बघा

डोळ्यांवरचं औषध माहीत नाही असा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. पोटात दुखतंय म्हणून सांगा, लोक "डॉक्टरला दाखवा" म्हणतात आणि विषय बदलतात. पण "डोळे चुरचुरतात हो" असं नुसतं म्हणून बघा. जिन्यात भेटलेला शेजारी काकडीच्या चकत्या सांगतो, त्याची बायको गुलाबपाणी सांगते, त्याची आई तळपायाला साजूक तूप चोळायला सांगते आणि त्याचा आठवीतला मुलगा निळ्या काचांचा चष्मा सांगतो, तोही कुठे सवलतीत मिळतो त्या पत्त्यासकट. औषधाच्या बाबतीत या चौघांचे चार पक्ष असतात. निदानाच्या बाबतीत मात्र संपूर्ण एकमत. "दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसता ना, मग दुसरं काय होणार!"

आता मी काही कॉम्प्युटरचा वकील नव्हे. पूर्वी बँकेत जाऊन अर्ध्या तासात होणारं काम घरबसल्या दोन तासांत करण्याची सोय त्याने मला करून दिली आहे, एवढाच आमचा संबंध. पण आरोपी कितीही नावडता असला तरी त्याचं पूर्वचरित्र तपासायला नको का? ते तपासू लागलो आणि लक्षात आलं की आरोपीचा जन्म होण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून हा गुन्हा बिनबोभाट चालू होता.

आपल्या जुन्या संस्कृत पोथ्याच घ्या. पोथी नकलून काढणारे लेखक शेवटच्या पानावर एक ठरलेला श्लोक लिहून ठेवीत. त्याचा मथितार्थ असा की, पाठ, कंबर, मान ही सारी कामातून गेली, नजर ताठरली, तोंड खाली घालून मोठ्या कष्टाने हे लिहिलं आहे, तरी बाबांनो, हे जपा. हिंजवडीतल्या कुठल्याही इंजिनियराने आपल्या प्रोग्रॅमच्या शेवटी हा श्लोक जसाच्या तसा टाकावा. एक अक्षर बदलायची गरज नाही. फरक इतकाच की पोथीवाल्यापुढे बोरू आणि पणती होती, याच्यापुढे कीबोर्ड आणि कॉफी आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा निघाला आणि चाळिशी उलटलेल्या लेखनिकांना पुन्हा अक्षरं दिसू लागली. आपल्याकडे तो कधी आला याचा माग पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी काढला होता. सोळाव्या शतकात विजयनगरच्या व्यासरायस्वामींनी वाचताना चष्मा लावल्याच्या उल्लेखापर्यंत ते जाऊन पोचले. पण चष्म्याने अक्षर दिसतं, थकवा जात नाही. उलट दिसू लागल्यामुळे माणूस आणखी दोन तास बसतो. हा मनुष्यस्वभाव. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, तसलाच प्रकार.

डोळ्यांचं दुखणं आणि पोटापाण्याचा धंदा यांची गाठ घालून देणारा मोठा माणूस म्हणजे इटलीतल्या मोदेना गावचा डॉक्टर बर्नार्दिनो रामाझ्झिनी. त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला एक कामगार आला होता. तो इतक्या घाईने काम करीत होता की रामाझ्झिनीने त्याला विचारलं, "बाबा रे, एवढी घाई कशाला?" त्यावर तो म्हणाला की, या खड्ड्यात चार तासांपेक्षा जास्त वेळ राहिलं तर डोळे जातात. काम संपलं की तो घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राही आणि कोमट पाण्याने डोळे धूत बसे. दुसरा एखादा घरमालक नाकाला रुमाल लावून आत गेला असता. रामाझ्झिनी तिथून उठला आणि गावोगावचे कारखाने आणि दुकानं पालथी घालू लागला. १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितलं, रोग्याला बाकीचे प्रश्न विचारता, तसं "तू काम काय करतोस?" हेही विचारत जा. म्हणजे व्यवसायजन्य रोगांचं सबंध शास्त्र एका सफाई कामगाराच्या डोळ्यांच्या तक्रारीतून उभं राहिलं. त्या कामगाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

याच ग्रंथात बारीक काम करणाऱ्या कारागिरांवर एक प्रकरण आहे. घड्याळजी, सोनार, असली मंडळी. यांची नजर का बिघडते, तर डोळे तासन्‌तास एकाच जागी रोखून धरावे लागतात म्हणून, असं रामाझ्झिनी सांगतो. आणि उपाय? चष्मा वापरा, सतत मान घालून बसू नका, मधूनमधून काम खाली ठेवा आणि इकडेतिकडे निरनिराळ्या वस्तू बघा. बस्स. ना तूप, ना काकडी. सव्वातीनशे वर्षांपूर्वी सांगितलेला हा उपाय लक्षात ठेवा, कारण पुढे तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे, जरा इंग्रजी कपडे घालून.

एकोणिसाव्या शतकात हे दुखणं फार बोकाळलं. छापखाने वाढले, कारकून वाढले, दिव्याखाली रात्र रात्र कपडे शिवणाऱ्या बायका वाढल्या. ग्लासगोला विल्यम मॅकेन्झी नावाचे मोठे नेत्रतज्ज्ञ होते. डोळे लवकर थकणाऱ्या रोग्यांना ते काय सांगत? शिवणकाम करणारीला सांगत, हे सोड आणि घरकाम धर. गरीब कारागिराला सांगत, बैठा धंदा सोड आणि घोडागाडी हाक. आणि रोगी तरुण असून चार पैसे बाळगून असला तर त्याला सांगत, ऑस्ट्रेलियात जा आणि गुरंमेंढरं पाळ! विनोद नाही, त्यांनी हे छापून ठेवलेलं आहे. "डोळे चुरचुरतात" म्हणून डॉक्टरांकडे गेलेला गृहस्थ आगबोटीचं तिकीट काढूनच घरी येत असेल. पण थोडा विचार केला तर या सल्ल्यात एक गोम आहे. मेंढरं राखणारा मनुष्य दिवसभर लांब बघतो. मॅकेन्झीसाहेबांना आजार कळला होता, फक्त औषधाची मात्रा सोळा-सतरा हजार किलोमीटर झाली.

ही मात्रा काही मिलिमीटरांवर आणली ती हॉलंडातल्या उत्रेख्तच्या डॉक्टर डोंडर्स यांनी. अशा पुष्कळ रोग्यांना मुळात दूरदृष्टीचा दोष असतो, त्यामुळे जवळचं बघताना डोळ्यातल्या स्नायूंना सारखी कसरत करावी लागते, हे त्यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं. योग्य नंबरची बहिर्गोल काच दिली की कसरत थांबते. ज्यांना मेंढपाळ व्हायची शिक्षा फर्मावली गेली होती, त्यांची चष्म्यावर सुटका झाली.

आणि मग, एकदाचा, आपला आरोपी रंगमंचावर आला. सुरुवातीची यंत्रं बहुतेक भोकं पाडलेल्या कार्डांवर आणि कागदावर बोलत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो टिफरॅक तयार झाला, त्याला मात्र चित्रं आणि अक्षरं दाखवणारी काचेची नळी होती. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कचेऱ्यांत, वर्तमानपत्रांत पडदे आले आणि तक्रारी सुरू झाल्या. न्यू यॉर्क टाइम्समधल्या दोन तरुण संपादकांना मोतीबिंदू झाला आणि १९७७ मध्ये सगळं बोट पडद्यातून येणाऱ्या किरणांकडे गेलं. सरकारी तज्ज्ञ मोजमापं घेऊन आले. धोका वाटावा असे किरण सापडेनात. १९८१ मध्ये त्याच सरकारी संस्थेने सांगितलं की पडद्यावरचं साधारण काम असेल तर दर दोन तासांनी आणि फार ताणाचं असेल तर दर तासाने पंधरा मिनिटं विश्रांती द्या. १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनेही निर्वाळा दिला की पडद्याने डोळे कायमचे बिघडतात असा पुरावा नाही. जवळ बघून केलेल्या इतर कामांसारख्याच या तक्रारी आहेत.

म्हणजे आरोपी निर्दोष सुटला. पण लोकांना निकाल आवडला नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॉम्प्युटर घेतला की त्यापुढे लावायची काळसर काच आधी घेत. देव्हाऱ्याला झडप लावावी तशी ती पडद्यावर चढे. तिने चकाकी थोडी कमी होई आणि धूळ जमायला एक जागा वाढे. आज तिची गादी निळ्या प्रकाशाच्या चष्म्याने चालवली आहे. २०२३ मध्ये कॉक्रेन नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या चष्म्यांवरचे सतरा प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा साध्या काचेपेक्षा त्यांनी डोळ्यांचा थकवा निदान थोड्या मुदतीत तरी कमी होतो असं दिसलं नाही. शेजारच्या मुलाला हे मी सांगितलं. तो म्हणाला, "पण काका, दिसायला चांगला असतो."

तरीही आरोपीची एक खोड खरी आहे, आणि ती जपानी डॉक्टरांनी पकडली. त्सुबोता आणि नाकामोरी यांनी १९९३ मध्ये कचेरीत काम करणाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप मोजली. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सरासरी बावीस वेळा पापणी लववतो. पुस्तक वाचताना दहा वेळा. आणि पडद्याकडे बघताना फक्त सात! प्रत्येक उघडझापीला डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर पसरत असतो. पापणी लवली नाही की तो थर सुकतो आणि डोळे चुरचुरतात. हठयोगात त्राटक म्हणून क्रिया आहे. पापणी न लववता एका बिंदूकडे बघत राहायचं, पण तेही डोळ्यांतून पाणी येईपर्यंतच. आमचे कॉम्प्युटरवाले योगी पाणी आटल्यावरही थांबत नाहीत.

नलदमयंतीची गोष्ट आठवते ना? स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही नलाचं रूप घेऊन बसले होते. दमयंतीने खरा नल ओळखला तो कसा? देवांना घाम येत नव्हता, पाय जमिनीला टेकत नव्हते, गळ्यातली फुलं कोमेजत नव्हती आणि पापणी लवत नव्हती. आज तेच स्वयंवर एखाद्या कचेरीत भरवा. वातानुकूलन असल्यामुळे घाम नाही. खुर्ची उंच, म्हणून पाय अधांतरी. टेबलावरची फुलं प्लॅस्टिकची. आणि पापणी तर कोणाचीच लवत नाही. बिचारी दमयंती माळ हातात घेऊन संध्याकाळपर्यंत उभी राहील.

तेव्हा उपाय काय? पडदा हातभर लांब ठेवा आणि नजरेच्या जरा खाली, म्हणजे पापणी थोडी मिटलेली राहते आणि डोळा कमी सुकतो. खिडकी बाजूला असू द्या. समोर असली तर डोळे दिपतात, पाठीमागे असली तर पडद्यात तीच दिसते. अक्षर मोठं करा, त्याला पैसे पडत नाहीत. दुभिंगी चष्मा असला तर पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मग मान धरते, म्हणून डॉक्टरांना पडद्याच्या अंतराचा वेगळा नंबर विचारा. पापणी आठवणीने मिटा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वीस-वीस-वीस. जेफ्री ॲन्शेल नावाच्या अमेरिकन दृष्टितज्ज्ञाने रूढ केलेला हा नियम. दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघा. तेवढ्या वेळात डोळ्यातला आवळलेला स्नायू सैल पडतो. ओळखलंत ना? हाच तो आपला मोदेनाचा उपाय, इंग्रजी कपड्यांत. आता आमच्या ब्लॉकमध्ये सरळ वीस फूट मिळवायचे म्हणजे दोन दारं उघडावी लागतात आणि त्यातलं एक शेजाऱ्यांचं आहे, ही गोष्ट वेगळी.

मग एवढा सोपा, फुकटचा उपाय तीनशे वर्षं लोक पाळत का नाहीत? आळस, हे उत्तर मला पटत नाही. आमच्या इमारतीतली एक मुलगी फॉर्म भरून देण्याचं काम करते. पैसे फॉर्मवर. मी तिला वीस-वीस-वीसचं माहात्म्य ऐकवलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, मान वर केली की एक फॉर्म कमी होतो." ग्लासगोच्या शिवणकाम करणारीला "हे सोड" म्हणून सांगणाऱ्या डॉक्टरला तिनेही असंच काहीतरी ऐकवलं असेल. औषध कधीच दुर्मीळ नव्हतं. दुर्मीळ होती ती परवानगी. युरोपात १९९० साली नियम झाला की पडद्यावर काम करणाऱ्याला मधून विश्रांती किंवा दुसरं काम मिळालंच पाहिजे, आणि डोळे तपासून घेण्याचा त्याला हक्क आहे. मान वर करण्यासाठीसुद्धा कायदा करावा लागतो, इतकं ते महाग असतं. ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांनी पडद्याच्या काचा बदलण्याआधी एवढं जरी बघितलं, तरी पुष्कळांचे डोळे वाचतील.

तुम्हाला मात्र या क्षणी कोणी अडवलेलं दिसत नाही. बराच वेळ तुम्ही जवळच बघत बसला आहात. तेव्हा उठा, खिडकीशी जा. समोरच्या गच्चीवर कोणाचे पापड वाळत असतील तर ते सावकाश मोजा. वीस भरले की खाली बघायला हरकत नाही.