लव्हेंडर ऊर्ध्वपातन अवशेष

लव्हेंडर ऊर्ध्वपातन अवशेष म्हणजे लव्हेंडरच्या फुलोऱ्यांतून सुगंधी तेल काढून घेतल्यानंतर मागे राहणारा चोथा व पाणी. ताज्या फुलोऱ्यांच्या वजनाच्या साधारणतः १ टक्क्याच्या आसपासच तेल मिळते. उरलेले जवळजवळ सर्व वनस्पतिद्रव्य अवशेषांत जाते. वाफेबरोबर न उडणारी अनेक उपयुक्त नैसर्गिक संयुगे या अवशेषांत टिकून राहत असल्याने ती वेगळी काढण्याच्या पद्धतींवर फ्रान्स व बल्गेरिया या प्रमुख उत्पादक देशांत संशोधन झाले आहे.

निर्मिती

तेलासाठी मुख्यतः खरे लव्हेंडर (लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया) आणि लव्हँडिन हा संकरित प्रकार वापरला जातो. पात्रात भरलेल्या फुलोऱ्यांतून वाफ सोडली असता लिनालूल, लिनालिल ॲसिटेट यांसारखी बाष्पनशील संयुगे वाफेबरोबर बाहेर पडतात. वाफ थंड केल्यावर तेल पाण्यावर तरंगते व ते वेगळे केले जाते. खाली राहिलेले सुगंधी पाणी 'हायड्रोसोल' या नावाने सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते.

पात्रात ओला चोथा राहतो. फुलोरे थेट पाण्यात उकळले असल्यास गडद रंगाचे पाणीही उरते. या पाण्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असल्याने ते प्रक्रियेविना ओढ्यात सोडल्यास सूक्ष्मजीवांच्या क्रियेमुळे तेथील विरघळलेला ऑक्सिजन घटतो.

रासायनिक घटक

लव्हेंडर हे तुळस व पुदिना यांच्याच कुळातील (लॅमिएसी) झुडूप आहे. या कुळात सर्रास आढळणारे रोझमेरिनिक अम्ल हा अवशेषांतील एक महत्त्वाचा घटक होय. १९५८ मध्ये ते रोझमेरी या वनस्पतीतून प्रथम वेगळे करण्यात आले. त्याच्यासह कॅफिक अम्ल तसेच ल्युटिओलिन व एपिजेनिन या फ्लॅव्होनॉइडांची शर्करायुक्त संयुगे आढळतात. क्युमरिन व हर्नियारिन ही सुवासिक संयुगे आणि अर्सोलिक व ओलिॲनोलिक ही ट्रायटर्पीन अम्लेही चोथ्यात असतात. चोथ्याचा मुख्य सांगाडा सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचा असतो.

निष्कर्षण

कोणते संयुग हवे यावर द्रावकाची निवड अवलंबून असते. रोझमेरिनिक अम्ल व फ्लॅव्होनॉइडे यांसाठी पाणी व इथेनॉल यांचे मिश्रण वापरतात. श्राव्यातीत ध्वनी किंवा सूक्ष्मतरंग यांच्या साहाय्याने हे निष्कर्षण कमी वेळात होते. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या क्युमरिन, हर्नियारिन व मेणासारख्या द्रव्यांसाठी कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे ३१° से. तापमान व ७४ बार दाब या क्रांतिक मर्यादेपलीकडे नेऊन द्रावक म्हणून वापरला जातो. दाब कमी करताच तो वायुरूपात निघून जातो व अर्कात द्रावकाचा अंश राहत नाही. अर्कातील पॉलिफिनॉले सच्छिद्र रेझिनच्या स्तंभावर शोषून घेऊन शुद्ध करता येतात.

उपयोग

रोझमेरिनिक अम्ल व इतर पॉलिफिनॉले ऑक्सिडीकरण रोखणारी असल्याने अन्न व प्रसाधने टिकवण्यासाठी ती उपयुक्त मानली जातात. क्युमरिन सुगंधी द्रव्यांत वापरतात.

चोथ्याचे पारंपरिक उपयोग म्हणजे खत आणि ऊर्ध्वपातनाच्याच बॉयलरसाठी इंधन. चोथा आधी जाळल्यास ही सर्व संयुगे नष्ट होतात. उलट, ती आधी काढून घेतल्यास उरलेला तंतुमय भाग इंधन किंवा खत म्हणून पुढेही वापरता येतो. त्यामुळे टप्प्याटप्प्याने उपयोग करण्याच्या या पद्धतीत दोन्ही लाभ साधतात. मात्र जाळण्यापूर्वी चोथ्यातील द्रावक काढून तो पुन्हा वाळवावा लागतो.

मर्यादा

ओल्या चोथ्यावर बुरशी लवकर येते. म्हणून तो तातडीने वाळवावा लागतो. कापणीचा हंगाम काही आठवड्यांचाच असल्याने महागडी यंत्रसामग्री वर्षभर चालवण्यासाठी इतर कच्चा माल लागतो. संयुगांचे प्रमाण वाण, हवामान व ऊर्ध्वपातनाच्या पद्धतीनुसार बदलते. क्युमरिन अधिक मात्रेत यकृतास अपायकारक ठरू शकते. अमेरिकेत १९५४ पासून अन्नात ते मिसळण्यास बंदी आहे. त्यामुळे खाद्य उपयोगासाठीच्या अर्कातील त्याचे प्रमाण तपासणे आवश्यक असते.

भारत

भारतात लव्हेंडरची लागवड प्रामुख्याने जम्मू व काश्मीरमध्ये होते. जम्मू येथील भारतीय एकात्मिक वैद्यक संस्थेने 'अरोमा मिशन'अंतर्गत डोडा जिल्ह्यातील भद्रवाह परिसरात रोपे व ऊर्ध्वपातन संच उपलब्ध करून दिले. तेथील अनेक शेतकरी मक्याऐवजी लव्हेंडरकडे वळले. डोंगराळ भागात विखुरलेल्या संचांमधून चोथा गोळा करणे, तो वाळवणे व वाहून नेणे यांचा खर्च हा अशा ठिकाणी संयुगे काढण्याच्या व्यवहार्यतेतील निर्णायक घटक ठरतो.